कानातल्या मॅडम

"मॅडम, थँक यू. तुम्ही सांगितलं तसंच केलं, आणि वर्ग एकदम मोकळा झाला."

रोशन तायडे स्टाफरूमच्या दारातून हे बोलला तेव्हा हेमांगी इंगोले टेबलाचा आधार घेऊन खुर्चीतून उठत होती. तिने मान डोलावली. रोशन हसला आणि पुढच्या तासाला निघून गेला. मग ती पुन्हा खाली बसली. गेल्या दोन महिन्यांत तिने रोशनला काहीच सांगितलं नव्हतं. तो तिच्याकडे फिरकलाच नव्हता.

असं आता वारंवार व्हायचं. केमिस्ट्रीच्या गावंडे मॅडमनी परवा जिन्यात तिचा हात हातात घेतला होता. "काल तुम्ही होतात म्हणून निभावलं," म्हणाल्या होत्या. काल हेमांगी दिवसभर घरी होती, गुडघा शेकत. कॉमर्सच्या राऊत सरांनी तर तिला पार्किंगमध्ये गाठून सांगितलं, की बायकोशी बोलणं पुन्हा सुरू झालं, केवळ तुमच्यामुळे. राऊत सरांच्या बायकोचं नावसुद्धा हेमांगीला ठाऊक नव्हतं. तिने "छान झालं" म्हटलं आणि स्कूटर काढली. दुसरं काय म्हणणार?

अमरावतीच्या त्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या सगळ्या मुलांना संवादवर्ग सक्तीचा होऊन बरीच वर्षं झाली होती. पंधरा-सोळा मुलांनी गोल करून बसायचं, एखादा उतारा वाचायचा आणि त्यावर बोलायचं. फळा नाही, नोट्स नाहीत, परीक्षेत विचारण्यासारखं काही नाही. मुलांना ते जड जायचंच, पण खरी पंचाईत व्हायची शिकवणाऱ्यांची. हे वर्ग सगळ्या विभागांत वाटलेले. कोणी रसायनशास्त्राचं, कोणी हिशेबशास्त्राचं, निम्मे तर तासिकेवर नेमलेले. तासभर आपणच बोलायची सवय असलेल्या माणसाला गप्प बसून दुसऱ्याला बोलतं करायला सांगणं, म्हणजे उजव्या हाताने जेवणाऱ्याला डाव्याने जेवायला लावणं. पहिल्या दोन आठवड्यांतच त्यांचा धीर सुटायचा.

त्यांना सावरायचं काम हेमांगीकडे होतं. ती वर्गात मागे बसायची, बघायची. वर्ग सुटला की त्या रिकाम्या खोलीतच शिकवणाऱ्याला समोर बसवून झालेला तास त्याच्याबरोबर पुन्हा उलगडायची. तू इथे घाई केलीस. तो मुलगा बोलणार होता, तू मध्येच उत्तर देऊन टाकलंस. हिला "तुला काय वाटतं" असं विचारू नकोस, "तू काय पाहिलंस" असं विचार. हे सगळं ती रेकॉर्ड करून त्यांना द्यायची, घरी पुन्हा ऐकता यावं म्हणून. बारा वर्षं तिने हे केलं. शिकवणारे तीस-पस्तीस आणि ती एकटी.

आणि मग ते यंत्र आलं.

त्याचं विज्ञान समजायला तसं सरळ होतं. वर्गाच्या छताला तळहाताएवढी एक चकती बसवलेली असे. तिच्यातून अतिशय सौम्य रेडिओलहरी निघायच्या, मुलांच्या अंगावर आदळून परत यायच्या. श्वास घेताना छाती काही मिलिमीटर हलते, हृदयाच्या ठोक्याने त्याहूनही कमी. पण परतलेल्या लहरींत तेवढाही फरक उमटतो. कोणाचा श्वास अडलाय, कोणाची छाती धडधडतेय, हे त्यावरून कळायचं. माणूस बोलण्याआधी एक श्वास भरून घेतो, आणि पुष्कळदा काही न बोलता तो सोडून देतो. असा वाया गेलेला श्वास शिकवणाऱ्याच्या डोळ्यांना क्वचितच दिसतो. यंत्राच्या नजरेतून तो कधीच सुटत नसे.

पण कोण बोलू पाहतंय हे कळून भागत नाही, त्याला विचारायचं काय हेही कळावं लागतं. ते यंत्र हेमांगीच्या रेकॉर्डिंगांवरून शिकलं. अशा प्रसंगी ती काय म्हणाली होती, तशा मुलासाठी तिने कोणता प्रश्न सुचवला होता, असे हजारो दाखले त्याने पचवले, जोडीला मुलांचे प्रवेशअर्जही. शिकवणाऱ्याने कानात डाळीएवढं यंत्र घालायचं. योग्य क्षणी त्यात एक वाक्य कुजबुजलं जायचं. वर्गाबाहेर मात्र आपणहून काही विचारलं, तरच ते बोलायचं. ते बनवणाऱ्या कंपनीने आधी एक परका, गोड आवाज लावून पाहिला होता. तो कोणी मनावर घेतला नाही. हेमांगीचा आवाज लावला तेव्हा सगळे ऐकायला लागले.

कागदोपत्री त्याचं नाव 'सहाय' होतं. कॉलेजात सगळे म्हणायचे, कानातल्या मॅडम.

हेमांगीने आनंदाने सही केली होती. ती थकली होती. प्रात्यक्षिकाला तिचा नवरा दिगंबरही आला होता. कानातलं ते यंत्र घालून त्याने थोडा वेळ ऐकलं, काढून ठेवलं, आणि घरी जाताना म्हणाला, "एवढी शांत बोलते ती. तू माझ्याशी कधी अशी बोलल्याचं आठवत नाही मले."

"तिला स्वयंपाक नाही करावा लागत," हेमांगी म्हणाली.

फेब्रुवारीत प्राचार्य बोबडे सरांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. कंपनीने देशभर दाखवण्यासाठी एक व्हिडिओ केला होता, आणि त्यात आपल्या कॉलेजचा वर्ग होता. पडद्यावर रोशनचा संवादवर्ग दिसला. 'गाव म्हणजे काय' या विषयावरचा उतारा चालू होता. कोपऱ्यात एक सडसडीत मुलगी खाली मान घालून बसली होती. ती ममता कास्देकर, मेळघाटातल्या कोरकू कुटुंबातली. शाळेपासून तिला मराठी परक्यासारखीच. सहा महिन्यांत वर्गात ती एकदाही बोलली नव्हती.

हेमांगीचा आवाज सभागृहात घुमला आणि तेच वाक्य पडद्याच्या तळाशी उमटलं. 'ममताने तीनदा श्वास घेऊन सोडलाय. आता विचार. मत विचारू नकोस. तिचं जुनं गाव कुठून सुरू व्हायचं, ते विचार.'

रोशनने विचारलं. ममता बोलायला लागली. व्याघ्रप्रकल्पासाठी त्यांचं गाव डोंगरावरून खाली सपाटीला आणून वसवलं होतं. तिचे वडील खाली रमले नाहीत. ते पुन्हा पुन्हा चालत जुन्या गावी जायचे, वनखात्याची माणसं त्यांना परत आणून सोडायची. एकदा आणून सोडायला कोणी आलं नाही, म्हणून ममता एकटीच त्यांना शोधायला वर गेली. ते मोहाच्या झाडाखाली आडवे होते. "झोपले असं वाटलं," ममता म्हणाली, "दमले असतील, म्हणून उठवलं नाही. बाजूला बसून राहिली. ऊन कलंडेपर्यंत."

'बोलू नकोस, रोशन. थांब. तिला अजून सांगायचंय.'

तिने अजून सांगितलं. वर्गातली मुलं रडत होती. सभागृहातही काहींनी डोळे पुसले, मग टाळ्या झाल्या. गावंडे मॅडम मागे वळून हेमांगीकडे कौतुकाने बघत होत्या. हेमांगीचे हात मात्र मांडीवरच राहिले. ती त्या वर्गात नव्हती, तिने यातलं काही म्हटलं नव्हतं. आणि तरी एकेक शब्द तिचाच होता.

पुढच्या आठवड्यात रोशन तिच्या खोलीत आला. बऱ्याच दिवसांनी आला म्हणून की काय, बसू का असं विचारलं.

"ममता येत नाहीये, मॅडम. होस्टेलवरून सामान घेऊन गावी गेली."

"कधीपासून?"

"व्हिडिओ नेटवर आला तेव्हापासून. मी तुम्हाला विचारलं..." तो अडखळला. "म्हणजे कानातल्या मॅडमना. त्या म्हणाल्या, तिला वेळ दे. पण मला वाटलं, एकदा खऱ्या मॅडमना विचारावं."

आपल्या मागे 'खऱ्या' लागलेलं हेमांगीने पहिल्यांदाच ऐकलं. तिने रोशनला बसवलं आणि त्या तासाची संपूर्ण नोंद लावली. दोघांनी ती अथपासून इतिपर्यंत ऐकली. ती चूक शोधत होती, आणि ती सापडेना. तिला जिथे थांबायला सांगावंसं वाटलं, तिथे यंत्राने थांबायला सांगितलं होतं. तिने जो प्रश्न दिला असता, तोच दिला होता.

"आणि वर्ग सुटल्यावर तू काय केलंस?"

"पुढचा तास होता, मॅडम. कानात शाबासकी आली, आणि मी गेलो."

बारा वर्षं हेमांगी वर्गानंतरचं बोलणं रेकॉर्ड करत आली होती. पण बोलणं संपलं की ती रेकॉर्डर बंद करायची, आणि कँटीनकडे चालता चालता प्रत्येकाला एक गोष्ट सांगायची. आज जे पोर सगळ्यात जास्त बोललं, त्याला एकट्याला बाहेर जाऊ देऊ नकोस. त्याच्याबरोबर चाल. झाडांचं बोल, मेसच्या भाजीचं बोल, पण पाच मिनिटं सोबत राहा. उघडं पडलेलं माणूस असं वाऱ्यावर सोडायचं नसतं. हे रेकॉर्ड करण्यासारखं तिला कधी वाटलंच नाही. ते शिकवणं नव्हतं, साधी रीत होती. यंत्राला ती रीत कुठून कळणार?

"तिच्या गावी जाऊ," ती म्हणाली. "उद्याची बस बघ."

अकोटच्या पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी ते नवं गाव होतं. एकसारखी घरं, आखलेले रस्ते, प्रत्येक छपरावर सौरपट्ट्या, आणि सावलीला एक झाड नाही. ममता अंगणात हरभरा पाखडत होती. त्यांना पाहून ती उठली, आत जाऊन पाणी घेऊन आली. तिची आई उंबऱ्यात बसून होती. तिने पाहुण्यांकडे एकवार पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"तू बरी आहेस ना?" रोशनने विचारलं.

"हो सर."

मग कोणीच बोलेना. वर्गात अशी शांतता कशी फोडायची हे हेमांगीला चांगलं ठाऊक होतं. इथे तिने ती फोडली नाही. तिने सूप ओढून घेतलं आणि हरभऱ्यातले खडे वेचायला लागली. गुडघ्याला रग लागली तरी उठली नाही. बऱ्याच वेळाने ममताच बोलली.

"मॅडम, प्रश्न वाईट नव्हता. मलाच बोलायचं होतं."

"मग?"

"आईला माहीत नव्हतं." तिने उंबऱ्याकडे पाहिलं नाही. "मी तिला सांगितलं होतं, मी वर पोचली तेव्हा बाबा गेलेलेच होते. मी बसून राहिली हे सांगितलं नव्हतं. इथल्या एका पोराने तिला व्हिडिओ दाखवला. आता ती रोज विचारते. तू बसली तेव्हा त्याचा श्वास चालू होता काय? खाली आणला असता तर वाचला असता काय?" तिने मूठभर हरभरा उचलला आणि परत टाकला. "मला नाही माहीत, मॅडम. मी पाहिलंच नाही. झोपमोड होईल म्हणून हातसुद्धा लावला नाही."

रोशन जमिनीकडे बघत होता. "ममता, मला कळायला पाहिजे होतं," तो म्हणाला.

"तुम्ही ऐकत नव्हता, सर." तिच्या आवाजात राग नव्हता. "मी बाबाचं सांगत होती तेव्हा तुमचे डोळे फोनवर बोलणाऱ्या माणसासारखे झाले होते. मला वाटलं, घरून काही निरोप आला असेल. नंतर व्हिडिओत कळलं, की या मॅडम बोलत होत्या."

ती मी नव्हते, हे हेमांगीच्या ओठांवर आलं होतं. तिने ते बाहेर पडू दिलं नाही.

निघताना ममताने एवढंच विचारलं, "तो व्हिडिओ काढून टाकता येईल का?"

बसस्टँडपर्यंत दोघं चालत आले. रोशनने वाटेत कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. गावातही ते कानात होतं, हे हेमांगीला तेव्हा कळलं. "आत्ता ती काय म्हणाली?" तिने विचारलं.

"काही नाही म्हणाली. इथे छताला चकती नाही ना."

प्राचार्य बोबडे सर मनाने वाईट नव्हते. त्यांनी लगेच कंपनीला फोन लावला, सगळं समजावून सांगितलं, आणि फोन ठेवताना त्यांचा चेहरा पडला. "इंगोले मॅडम, प्रवेशाच्या वेळी सगळ्या मुलांनी संमती दिलेली आहे. ममतानेही. ते म्हणतात, व्हिडिओ हजारो ठिकाणी गेला, आता एका विद्यार्थिनीसाठी मागे घेता येणार नाही."

"आणि माझ्यासाठी?"

बोबडे सरांनी तिच्याकडे पाहिलं. करारात तशी सोय होती. हेमांगीने आपला आवाज आणि रेकॉर्डिंगं परत मागितली, तर त्यांवर बेतलेलं सगळं कंपनीला काढून टाकावं लागणार होतं. जाहिराती, व्हिडिओ आणि खुद्द सहायसुद्धा.

"मॅडम, विचार करा. आपल्याकडे पस्तीस जण शिकवतात. त्यांतले वीस जण त्या यंत्राशिवाय वर्गात पाय ठेवणार नाहीत. त्यांना कोण बघेल? तुमची निवृत्ती तीन वर्षांवर आली. गुडघ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय." ते थांबले. "आणि यंत्राने मुलं बोलायला लागली आहेत, हे तर खरं ना? किती मुलं कधीच बोलली नसती."

ते खरं होतं. हेमांगी विचार करते म्हणाली आणि उठली. घरी आली, भाजी चिरायला घेतली. दिगंबरने विचारलं, "काय विचार करून राहिली?" तिने सगळं सांगितलं. तो निवृत्त पोस्टमास्तर, मोजकं बोलणारा.

"त्या पोरीसाठी सगळं बंद करणार?"

"तिने दुसरं काही मागितलंच नाही, दिगंबर. परत यायचंय असंही नाही म्हणाली."

"मग पुन्हा तुलेच मागच्या बाकावर बसावं लागेल. तीन वर्षं."

"हो."

"झेपंल तुले?"

"नाही झेपणार," हेमांगी म्हणाली. तिने चिरलेली भाजी कढईत टाकली. "पण त्या दिवशी तिच्या अंगणात बसले होते, तर त्या बाईने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच तिच्या नवऱ्याला झाडाखाली सोडून आले. आवाज माझा आहे. तो कुठे जातो ते मला माहीत नाही. हे त्याहून झेपत नाही."

जेवण झाल्यावर भांडी दिगंबरने घासली.

मार्चअखेर सहाय बंद झालं. व्हिडिओ गेला, निदान कंपनीच्या हातात होता तिथून तरी गेला. हेमांगीने ममताला फोन करून सांगितलं. ममता "बरं मॅडम" म्हणाली. ती त्या वर्षी परत आली नाही. पुढच्या वर्षी तिने परतवाड्याच्या कॉलेजात नाव घातल्याचं रोशनकडून कळलं. आई अजून विचारते का, हे विचारायचा धीर दोघांनाही झाला नाही.

कॉलेजात हेमांगीला कोणी उघडपणे बोललं नाही. राऊत सर मात्र समोर आले की वाट बदलायचे. गावंडे मॅडम एका दुपारी तिच्या खोलीत येऊन बसल्या आणि बराच वेळ बोटातली अंगठी फिरवत राहिल्या.

"तुम्हाला राग येईल," त्या म्हणाल्या. "पण मला वर्गात तुमची सवय झाली होती. आता आत गेलं की वाटतं, कोणीतरी पाठीमागून हात काढून घेतला. तुम्ही आम्हाला विचारलं पण नाही."

"नाही विचारलं."

"का?"

"विचारलं असतं तर तुम्ही नको म्हटलं असतं. आणि मी ऐकलं असतं."

गावंडे मॅडम उठल्या. दारापाशी थांबून म्हणाल्या, "सोमवारी माझा वर्ग आहे. येणार असाल तर या." आवाज अजून रुष्टच होता.

जुलैत नवी मुलं आली. रोशनचा पहिला संवादवर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. हेमांगी कठड्याला धरून एकेक पायरी चढली आणि मागच्या बाकावर जाऊन बसली. उतारा एका नदीवरचा होता. रोशनने प्रश्न विचारला. कोणी बोललं नाही. त्याने तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. पंखा फिरत राहिला. एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "सर, हे परीक्षेला आहे का?" सगळे हसले. रोशनही कसनुसा हसला आणि म्हणाला, "नाही." मग पुन्हा तीच शांतता.

त्याने मागे पाहिलं. हेमांगीला त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, तो एका वाक्याची वाट बघत होता. तिच्याजवळ ते वाक्य होतंही. ती खिडकीबाहेर बघू लागली.

रोशनने खुर्ची थोडी पुढे ओढली आणि नुसता बसून राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. बऱ्याच वेळाने खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, की त्यांच्या गावच्या नदीला पाणी नसतं, तिला नदी म्हणायचं की नाही ते माहीत नाही. रोशन घाईघाईने काहीतरी बोलून गेला, चुकीचंच बोलला, आणि मुलगी गप्प झाली. थोड्याच वेळात तास संपला.

मुलं निघाली. रोशन त्या मुलीबरोबर जिन्यापर्यंत गेला. ती कुठल्या गावची, एसटी किती वाजता असते, असलं काहीबाही विचारत होता. परत आला तेव्हा हेमांगी अजून बाकावरच बसलेली होती, उठायचं बळ गोळा करत.

"कसा झाला, मॅडम?"

"वाईट झाला."

त्याने मान हलवली. तिला हात देऊन उठवलं.

"पुढच्या आठवड्यात याल?"

"सोमवारी गावंडे मॅडमकडे जायचंय," ती म्हणाली. "मंगळवारी येते. तू वर्ग खालच्या मजल्यावर मिळतो का बघ."